दहा मैल मिळून एक

समोरच्या घरातली मुलगी यंदा दहावीला आहे. फाल्गुनातल्या सकाळी ती गच्चीच्या पायरीवर बसून मोठ्याने पाठ करते आणि माझ्या खिडकीत चहाबरोबर तिचं इंग्रजी येतं. परवा ती म्हणत होती, "द वॉल इज सिक्स फीट हाय. इट इज अ सिक्स-फीट वॉल." मग थांबली. पुस्तकात पाहिलं आणि वैतागून म्हणाली, "फुट. सिक्स-फुट वॉल." भिंत तीच, उंची तीच, पण माप भिंतीच्या पुढे येऊन बसलं की त्याचं अनेकवचन गळून पडतं. माझ्या वयात कुणी एवढ्याशा गोष्टीवर हसत नाही. मी मात्र कप हातात धरून बराच वेळ हसत होते, कारण हा नियम मी ज्या फाल्गुनात शिकले तो फाल्गुन पुन्हा माझ्या खिडकीत येऊन उभा राहिला होता.

आमच्या वर्धा जिल्ह्यात हा महिना दोन रंगांचा असतो. शेतात कपाशीच्या पऱ्हाटीवर उरलासुरला कापूस, म्हणजे फरदड, मळकट पांढरा दिसतो आणि बांधाबांधावर पळस पेटलेला असतो. दुपारी वारा सुटला की वाळलेल्या तुरीच्या शेंगा खुळखुळतात. छपरांवर मिरच्या वाळत घातलेल्या असतात, त्यामुळे शिंकल्याशिवाय अभ्यास होत नाही. परीक्षा म्हटलं की लोकांना शाई आठवते, घाम आठवतो. मला मिरचीचा खकाणा आठवतो आणि त्यातून डोळे पुसत इंग्रजी वाचणारी माझी वहिनी आठवते.

अल्लीपूरच्या पुढे थोडं आत आमचं गाव. पन्नासचं दशक सरत आलं होतं. आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, पण गावाला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. बाजारात नवे पैसे आले होते आणि पुढे शेर जाऊन किलो येणार असं लोक बोलत. मापं बदलण्याचे दिवस होते ते. बाबूजी वारल्यापासून शेती माझी माय पाहत होती. दादा हिंगणघाटला कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, म्हणजे जिनात, कारकून होता. तिथेच एक खोली घेऊन राहायचा आणि सुटीला गावी यायचा. घरात आम्ही तिघी होतो. माय, वहिनी आणि मॅट्रिकच्या वर्गात शिकणारी मी.

वहिनीचं नाव कमल. आर्वीकडची. नववी झाली आणि लग्न झालं, तिथेच तिची शाळा तुटली. पण दादाच्या डोक्यात होतं की तिने मॅट्रिक व्हावं. गावात मुलींची शाळा निघाली होती, तिला बाई मास्तरीण हवी होती आणि मॅट्रिक झालेली बाई आसपास कुठे नव्हती. म्हणून त्या वर्षी वहिनीने माझ्याबरोबर, खाजगी उमेदवार म्हणून, फॉर्म भरला. मायने हरकत घेतली नाही. "घरचं आटपून वाच म्हणा," एवढंच ती दादाला म्हणाली. वहिनी घरचं आटपून वाचायची. गणितात तर ती माझ्या कितीतरी पुढे होती. हौद भरायला दोन नळ आणि रिकामा करायला एक, असलं गणित ती भाकरी थापता थापता तोंडी सोडवायची. तिचं घोडं अडायचं ते इंग्रजीत, आणि इंग्रजीतही मापाशी.

इंग्रजी शिकवायला ढगे मास्तर होते. अल्लीपूरच्या हायस्कुलात शिकवायचे आणि आमच्या पुढच्या खोलीत राहायचे. काडीसारखे बारीक होते, पण उन्हाळ्यातही अंगात कोट. त्यांचे वडील शिंपी होते आणि त्यांची मापाची पट्टी मास्तर कायम कोटाच्या खिशात बाळगायचे. संध्याकाळी ओसरीवर आम्ही दोघी बसलो की ते पट्टी काढत आणि दिसेल ते मोजत. भिंत मोजली, गाईचं दावं मोजलं, मला उभी करून माझी उंची मोजली. प्रत्येक मोजमापाचं वाक्य व्हायचं. माणूस आणि झाड 'टॉल', भिंत 'हाय', विहीर 'डीप', रस्ता 'लाँग'. आपल्याकडे माणूसही उंच आणि भिंतही उंच. वहिनी म्हणायची, "इंग्रजाईले भिंतीचा अन् माणसाचा एवढा फरक काऊन पडते, मास्तर?"

मास्तर गंभीरपणे म्हणाले, "भिंत वाढत नाही, बाई. माणूस वाढतो." हे खरं की त्यांनी तिथल्या तिथे रचलेलं, ते मला आजही ठाऊक नाही.

एकदा आमच्या गाईच्या वासराचं वय आलं. वासरू तीन महिन्यांचं होतं. मास्तरांनी सांगितलं, "द काफ इज थ्री मंथ्स ओल्ड." मी उगाच हुशारी करून मायला त्याचा अर्थ सांगितला, की इंग्रजीत वासरू तीन महिने म्हातारं आहे. माय पलीकडे बसून हरभरा पाखडत होती. सूप तसंच धरून ती म्हणाली, "तीन महिन्याचं वासरू म्हातारं? बाप्पा. मंग मले काय म्हनत असतील?" आमच्या भागात बायकाही 'मी जातो', 'मी येतो' असंच बोलतात. माय तशीच बोलायची. "मी तं मंग मेलोच म्हना," असं म्हणून ती पुन्हा पाखडायला लागली.

दीड या शब्दावर तर एक पूर्ण संध्याकाळ गेली होती. मास्तर म्हणाले, इंग्रजीत दीडला शब्द नाही, अडीचला नाही, सव्वाला नाही. दीड मैल म्हणायचं तर 'वन अँड अ हाफ माइल्स' असं लांबलचक म्हणावं लागतं, आणि दोन पूर्ण झाले नाहीत तरी अनेकवचन लागतं. वहिनीला इंग्रजांची कीवच आली. "दीड भाकर खाल्ली तं सांगता सांगता पुन्हा भूक लागत असंल त्याईले," ती म्हणाली. मास्तर फार क्वचित हसत, पण त्या दिवशी हसले.

मला आता वाटतं, भाषा शिकणं म्हणजे दुसऱ्यांच्या घरात जाऊन त्यांची भांडी कुठे ठेवलेली असतात ते पाहणं. आपल्याकडे तवा चुलीजवळ, त्यांच्याकडे खिळ्याला. त्यात चूक कुणाचीच नसते. फक्त अंधारात हात घातला की आपल्या सवयीच्या जागी काहीच सापडत नाही. वहिनीचा हात मापाच्या जागी असाच पुन्हा पुन्हा रिकामा यायचा. 'टेन माइल्स' म्हणायचं, पण 'अ टेन-माइल रोड'. 'फाइव्ह इयर्स', पण 'अ फाइव्ह-इयर प्लॅन'. आणि सगळ्यात अवघड म्हणजे 'टेन माइल्स इज अ लाँग वे'. माइल्स अनेक, मग 'इज' कसं? 'आर' का नाही? पाठ करून ती थकली. नियम तोंडपाठ असायचा आणि वाक्य लिहायला घेतलं की चुकायचं.

मग एक दिवस अंगणात मायचं लुगडं वाळत होतं. वारा त्यात शिरून ते फुगत होतं. वहिनी त्याच्याकडे बघत म्हणाली, "मास्तर, आपण नऊ वारांचं लुगडं कुठं म्हनतो? नऊवारी म्हनतो. तिमजली माडी म्हनतो. ते वार अन् मजले लुगड्याले, माडीले चिकटले का मंग त्याईचं येगळं राह्यत नाई. तसंच आहे का हे?"

मास्तरांनी चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसला. "तसंच आहे," ते म्हणाले. "आणि 'इज'चंही तेच. दहा मैल तुम्ही एकेक करून मोजत नाही आहात, बाई. दहा मैलांचं मिळून एकच अंतर आहे. म्हणून ते एकवचनी."

त्यानंतर वहिनी मापाला अडली नाही. पण खरं माप निघालं ते निराळंच.

परीक्षेचं केंद्र हिंगणघाटला होतं. आमच्या गावापासून दहा मैल. त्या काळी आमच्या बाजूने मोटार नव्हती, बैलबंडीनेच जावं लागे. आणि परीक्षा जवळ आली तेव्हा वहिनीला सातवा महिना लागला होता.

तिला दिवस गेले होते ते काही पहिल्यांदाच नव्हे. तीन वर्षांपूर्वी श्रावणात ती माहेरी गेली होती, दिवस गेलेले होते. परत येताना बंडीने चिखलातल्या चाकोऱ्यांतून धक्के खाल्ले आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. त्याबद्दल घरात पुढे कधी कुणी बोललं नाही. मी लहान होते, मला फक्त एवढंच आठवतं की पुष्कळ दिवस वहिनीच्या जागी माय भाकरी करायची आणि वहिनीच्या ताटात तूप जास्त वाढायची.

हॉल तिकिटं आली त्या संध्याकाळी माय ओसरीवर आली. मास्तर होते, आम्ही दोघी होतो. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "मास्तर, आता तुमी पोरीलेच शिकवा. कमल नाई जात परीक्षेले."

वहिनीने हातातलं पुस्तक मिटलं. मीच म्हणाले, "काऊन वं माय? वर्षभर तं वाचून राह्यली ते."

"वाचलं तं वाचलं. पुढच्या साली देईन ते. या अवस्थेत बंडीत नाई बसू देत मी तिले." मग तिचा आवाज खाली आला. वहिनीकडे न बघता ती म्हणाली, "त्या वक्ताले मीच म्हटलं होतं, जा, चार दिवस माहेरी जाऊन ये. मीच धाडलं होतं. एक बार झालं ते झालं."

तेव्हा आम्हाला कळलं, की ती गोष्ट आमच्यापैकी सगळ्यात जास्त मायच्या जिवात रुतून बसली होती. वहिनी उठली. तिने पुस्तकं गोळा केली, फडक्यात बांधली आणि फळीवर ठेवून चुलीपाशी गेली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दोन-चार दिवस असेच गेले. वहिनी सगळी कामं करी. मला काही अडलं तर समजावून सांगे, पण स्वतः पुस्तक हातात घेत नसे. दुपारी मी वाचत बसले की ती मिरच्या उलथायला छपरावर जाई. मायने तिला वर चढायला मनाई केली, तर अंगणात येऊन बसे. घरात कुणी कुणाशी भांडलं नाही, आणि तेच घराला जड झालं होतं.

एक दिवस मास्तर शाळेतून आले तेव्हा माय दारातच बसली होती. तिने त्यांना थांबवलं. "मास्तर, त्या पेपरात विचारतात तरी काय? एवढं वाचते ते."

मास्तर गोंधळले. "पुष्कळ असतं. निबंध असतो, भाषांतर असतं. आता मराठी वाक्य देतात. समजा, हा रस्ता दहा मैल लांब आहे. तर याचं इंग्रजी करा म्हणतात."

"अन् त्या रस्त्यात खड्डे किती, ते नाई विचारत?"

मास्तरांनी खिशातली पट्टी चाचपली. "नाही," ते म्हणाले. "ते विचारत नाहीत."

"हं," माय म्हणाली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे माय घरात नव्हती. लखू मडावी आमच्याकडे शेतीच्या कामाला होता. गोंड कुटुंबातला, बाबूजींच्या वेळेपासूनचा. त्याची बायको येऊन सांगून गेली की मोठी बाई लखूला घेऊन रस्ता पाहायला गेली आहे. दुपार उलटून गेल्यावर दोघं परत आली. मायचे पाय धुळीने गुडघ्यापर्यंत पांढरे झाले होते. लखूने सांगितलं, अर्ध्या वाटेच्या पुढपर्यंत गेलो होतो, बाई प्रत्येक नाल्यात उतरून पाहत होती. माय पाणी प्यायली, पाय धुतले आणि वहिनीला हाक मारली.

"परीक्षेच्या आठ दिस आधी निघू," ती म्हणाली. "पोराच्या खोलीत राहू समदे. परीक्षा होईपर्यंत तेथीच. दोन नाल्याईतच वाईट आहे रस्ता, तेथी तू उतरून पायी चालजो. बाकी बंडी मी म्हनीन तशी चालंल."

वहिनीने मान हलवली. मग फळीवरून पुस्तकांचं फडकं काढायला हात वर केला, तर माय ओरडली, "हात वर नको करू. शीले, काढून दे तिले." शीला म्हणजे मी. मी काढून दिलं.

निघालो ती सकाळ मला तिच्या वासासकट आठवते. मोहाची फुलं गळायला लागली होती आणि सगळ्या वाटेवर तो जड गोड वास होता. बंडीत लखूने कडब्याचा हातभर थर घातला होता, त्यावर गोधड्या, त्यावर वहिनी आणि मी. माय बसलीच नाही. हातात काठी घेऊन ती बैलांच्या पुढे चालत होती. जिथे चाकोरी खोल होती तिथे काठी टेकवून उभी राही आणि लखू बंडी तिच्या काठीला टाळून काढी. दगड दिसला की वाकून उचलून बाजूला टाकी. बैलांनी जरा वेग घेतला की मागे न बघता म्हणे, "लखू, लगनाले नाई चाल्लो आपण."

"हो बाई," लखू म्हणे आणि कासरा ओढी.

उन्हं वर आली. मी म्हणाले, माय, आता बस. ती म्हणाली, "बसलो तं रस्ता कोन पाहीन?" पहिल्या नाल्याशी वहिनी उतरली. नाला कोरडा होता, पण उतार वाईट होता. पलीकडे चढून गेल्यावरही ती बंडीत बसली नाही. मायच्या बाजूने चालू लागली. मायने तिला थोडं चालू दिलं. दोन्ही बाजूंना पळस फुलला होता आणि खालची माती पाकळ्यांनी शेंदरी झाली होती. मी बंडीतून त्या दोघींच्या पाठी बघत होते. एक नऊवारी, एक पाचवारी. मायची काठी मध्ये.

त्या वेळी झालेलं त्यांचं बोलणं मला ऐकू आलं. वहिनी मायला सांगत होती, "आत्याबाई, तुमी आज जे चालून राह्यल्या ना, त्याले इंग्रजीत टेन-माइल वॉक म्हनतात."

"टेन म्हंजे?"

"दहा."

"अन् माइल म्हंजे मैल. तेवढं मले समजते. मंग दहा मैल चाल्लो तं दहाईचं नाव घ्याव ना. एकाचंच काऊन?"

वहिनी म्हणाली, "चालून झालं का मंग ते दहाई मिळून एकच होतात, आत्याबाई. येगळे येगळे नाई राहत."

मायने काठीने वाटेतला एक दगड बाजूला केला. मग म्हणाली, "पाय दुखून राह्यले तोवर येगळेच आहेत. तू बस आता बंडीत."

हे लिहिताना मला वाटतं, व्याकरणाच्या पुस्तकात जो नियम एका ओळीत मावतो, त्यातलं अर्धं सत्य वहिनीने सांगितलं आणि अर्धं मायने. पुढे अनेक वर्षांनी मागे वळून पाहिलं की मोठमोठी अंतरंसुद्धा एकेकटी राहत नाहीत. बाबूजी गेल्यानंतरची वर्षं, त्यातली प्रत्येक वेगळी कठीण होती. आता ती सगळी मिळून माझ्या मनात एकच वर्ष आहे आणि त्या वर्षावर फाल्गुनाचं ऊन आहे. पण चालत असताना कुणी असं सांगितलं असतं तर आम्हीही मायसारखंच उत्तर दिलं असतं.

हिंगणघाटला पोहोचलो तेव्हा दादा जिनाच्या फाटकातच उभा होता. त्याने वहिनीकडे आधी पाहिलं, मग मायच्या पायांकडे. तो आत गेला आणि बादलीभर कोमट पाणी घेऊन आला. त्या खोलीत आम्ही चौघं कशी राहिलो याचं आता नवल वाटतं. जिनाचा भोंगा व्हायचा, कापसाचे तंतू हवेतून येऊन भातावर बसायचे. माय स्वयंपाक करी आणि आम्ही दोघी एका पेटीवर पुस्तक ठेवून वाचत असू. रात्री मायच्या पायांना वहिनी तेल लावू लागली की माय पाय ओढून घेई. म्हणे, "वाकू नको."

परीक्षेच्या पहिल्या दिवशी एक नवीनच अडचण निघाली. केंद्रावरचे बाक एकमेकांना जोडलेले होते, बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच लाकडात. वहिनी त्यात मावेना. ती एका बाजूने शिरायचा प्रयत्न करत होती आणि मुलं बघत होती. तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता ही निघून जाते. तेवढ्यात देखरेखीला असलेल्या एक पोक्त बाई आल्या. त्यांनी दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि शिपायाला म्हणाल्या, "ऑफिसातलं टेबल अन् खुर्ची आणा." शिपाई म्हणाला, साहेबांची आहे. बाई म्हणाल्या, "साहेबाले सांगा, बाकावर बसा म्हणावं." टेबल आलं, हात असलेली खुर्ची आली. सगळे पेपर वहिनीने साहेबासारखे बसून लिहिले.

माय रोज आमच्याबरोबर यायची. डबा मांडीवर घेऊन फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसायची. तिथे आणखी कुणाकुणाचे बाप बसलेले असत. त्या बापांशी तिची चांगली ओळख झाली. पोरगी आत आहे का, असं कुणी विचारलं तर ती म्हणे, "पोरगी बी आहे अन् सून बी आहे." हे सांगताना तिचा आवाज जरा मोठा होई.

इंग्रजीचा पेपर दिला त्या दिवशी बाहेर आलो तर वहिनी हसत होती. माय उठून पुढे आली. "आला का रस्ता?"

"रस्ता नाई आला, आत्याबाई. विहीर आली. तीस फूट खोल."

"बराबर केली?"

"केली."

"पानी होतं का तिच्यात?"

"ते नाई विचारलं."

"कसे लोक आहेत," माय म्हणाली आणि डबा उघडला. त्या दिवशी डब्यात भरल्या वांग्याची भाजी होती. कडुनिंबाचा मोहर आमच्या डोक्यावर गळत होता आणि एक चांदणीसारखं पांढरं फूल वहिनीच्या घासावर पडलं. तिने ते बोटाने बाजूला केलं आणि खात राहिली. पोटभर जेवली. परीक्षेनंतर इतकी भूक मला पुन्हा कधी लागली नाही. वहिनीला तर दोन जिवांची लागली होती.

परवा समोरच्या मुलीचं पाठांतर ऐकल्यावर मी वहिनीला फोन केला. ती आता नातवाकडे नागपूरला असते. ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून बोलावं लागतं. मी ओरडून विचारलं, वहिनी, मॅट्रिकचा तो रस्ता आठवते का? ती म्हणाली, "रस्ता काय आठवत नाई. आत्याबाईची पाठ आठवते." पुढे मग ती सांगत बसली, की गुडघे दुखतात, आणि पणतू चालायला लागला.

त्या साली वैशाखात वहिनी बाळंत झाली. मुलगी झाली. गोल, काळीभोर जावळ असलेली, आणि पहिल्या दिवसापासून रागीट. मायने तिचं सगळं हातात घेतलं. तिचं न्हाणं, तिची धुरी, तिचं रडणं, सगळं मायचं. वहिनी फक्त पाजायची. निकाल लागला तेव्हा बाळ महिन्याभराचं होतं. दादा हिंगणघाटहून सायकलवर वर्तमानपत्र घेऊन आला. दहा मैल त्याने उन्हात सायकल मारली होती आणि दारात आल्यावर त्याला बोलताच येईना. त्याने पेपर उघडून आमच्या नंबरांवर बोट ठेवलं. दोन्ही नंबर होते. वहिनी दुसऱ्या वर्गात होती, मी तिसऱ्या. मला तिसरा पुष्कळ होता.

माय म्हणाली, "इंग्रजीत बी?"

"इंग्रजीत बी," दादा म्हणाला.

माय चौकटीला टेकून उभी राहिली. मग तिने दादाला सांगितलं, "बाहेरून आला, पाय धू पह्यले. मंग जाजो पोरीजवळ." ढगे मास्तर सुटीला त्यांच्या गावी गेले होते. ते असते तर तिने त्यांनाही काहीतरी ऐकवलं असतं. मास्तर नव्हते म्हणून मी आणि वहिनी दोघी त्यांच्या बंद दाराकडे बघत बसलो आणि उगाच लाजलो.

शाळा उघडायच्या आधी मुलींच्या शाळेचे लोक घरी आले. वहिनीला येऊन शिकवायचं बोलावणं होतं. ओसरीवर ती मंडळी बसली होती, वहिनी दाराआड उभी होती. बाळ तान्हं आहे, असं ती हळू म्हणत होती. माय बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती. थोपटता थोपटताच ती सगळ्यांसमोर म्हणाली, "बाळाले मी पाहतो. पाजाच्या वक्ताले शाळेत घेऊन येत जाईन. तू जाजो."

आषाढाच्या सुरुवातीला वहिनी पहिल्यांदा शाळेत निघाली. पाचवारी पातळ, खांद्यावरून पदर, हातात डबा. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. ती अंगण ओलांडून गेली आणि वाटेला लागली. शेजारच्या बायका आपापल्या दारात आल्या होत्या. मागे वळून बघावं असं तिला वाटत असणार, पण ती वळली नाही.

माय दारात उभी होती. बाळ तिच्या खांद्यावर घराकडे तोंड करून होतं. मायने त्याला उलटं फिरवलं, त्याची मान तळहातावर तोलून धरली आणि त्याचं तोंड वाटेकडे केलं. महिन्या-दोन महिन्यांच्या जिवाला काय दिसणार. पण माय त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "पाह्य. तुही माय चालली. कशी चालते ते पाहून ठेव."